अलास्काच्या या गावात हिमनदीकडे जाताना पाट्यांवर अंतर नाही, सालं लिहिलेली असतात

रस्त्याच्या कडेच्या पाटीवर काय असतं? पुढच्या गावाचं नाव आणि तिथवरचं अंतर. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात सेवर्ड नावाचं एक छोटं बंदर आहे. तिथून एक्झिट ग्लेशियर नावाच्या हिमनदीकडे निघालात की वाटेत वेगळ्याच पाट्या दिसतात. एकीवर नुसतं १८१५ लिहिलेलं. पुढे १९१७, मग १९२६. पायवाटेला लागल्यावर १९५१, १९६१, २००५, २०१०.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कसले तरी नंबर असतील. पण ती सालं आहेत. ज्या पाटीवर जे साल लिहिलंय, त्या साली हिमनदीचं टोक तिथवर होतं. म्हणजे १९१७ च्या पाटीपाशी तुम्ही आज गाडीत बसून जात असता, आणि १९१७ मध्ये त्याच जागी बर्फ होतं.

सेवर्ड हे कॅम्पिंग करणाऱ्यांचं आवडतं ठिकाण. समुद्राकाठी तंबू ठोकता येतो, सकाळी बोटीतून देवमासे बघता येतात आणि दुपारी हिमनदी. सोशल मीडियावर या गावाचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. फोटोत निळं बर्फ दिसतं, पण ते कुठून आलं, कुठे चाललंय आणि ज्या जमिनीवर तंबू उभा आहे तिच्याखाली काय घडून गेलंय, हे दिसत नाही. ते समजून घेतलं तर ही ट्रिप जास्त चांगली होते आणि जास्त सुरक्षितही.

तर सुरुवात गावापासून करू.

हे सेवर्ड नेमकं आहे कुठे?

अलास्काचं सगळ्यात मोठं शहर अँकरेज. तिथून दक्षिणेला साधारण २०० किलोमीटरवर सेवर्ड आहे. वस्ती जेमतेम पावणेतीन हजार. एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला रेझरेक्शन बे नावाची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव.

खाडीला हे नाव रशियन लोकांनी दिलं. अलास्का तेव्हा रशियाच्या ताब्यात होतं. अलेक्झांडर बारानोव्ह नावाचा रशियन अधिकारी वादळात सापडला आणि त्याला या खाडीत आसरा मिळाला. तो दिवस ईस्टरचा, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा. म्हणून खाडीचं नाव रेझरेक्शन. अर्थात रशियन येण्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर सुग्पियाक हे मूळ रहिवासी राहत होते, मासे आणि सील यांवर गुजराण करत होते.

गावाचं नाव मात्र अमेरिकन आहे. विल्यम सेवर्ड हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. त्यांनी १८६७ मध्ये ७२ लाख डॉलर देऊन रशियाकडून अख्खं अलास्का विकत घेतलं. तेव्हा अनेकांनी त्यांची टिंगल केली, बर्फाचा गोळा विकत घेतला म्हणून. पुढे तिथे सोनं सापडलं, तेल सापडलं आणि टिंगल बंद झाली.

गाव वसलं १९०३ मध्ये, रेल्वेसाठी. कारण ही खाडी हिवाळ्यातही गोठत नाही. आजूबाजूला एवढं बर्फ असूनही बारा महिने जहाज लागू शकेल असं बंदर हवं होतं, ते इथे मिळालं. आजही अलास्का रेलरोडचं दक्षिणेकडचं शेवटचं स्टेशन सेवर्डच आहे.

तिथे पोचायचं कसं?

भारतातून अलास्काला थेट विमान नाही. सिएटलसारख्या अमेरिकन शहरात विमान बदलून अँकरेज गाठावं लागतं. अमेरिकेचा व्हिसा लागतोच आणि मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागू शकतो, त्यामुळे उन्हाळ्याचा बेत असेल तर हालचाल बरीच आधी करावी लागते. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडे गेलेली मराठी कुटुंबं अलास्का जोडून घेतात, ते याचसाठी.

अँकरेजहून पुढे दोन पर्याय. भाड्याची गाडी घेतली तर सेवर्ड हायवेनं अडीच तास. पण हा अडीच तासांचा रस्ता कुणाचाच अडीच तासांत होत नाही, कारण सुरुवातीचा बराच भाग टर्नअगेन आर्म नावाच्या खाडीच्या काठानं जातो आणि दर दहा मिनिटांनी गाडी थांबवावीशी वाटते. दुसरा पर्याय रेल्वेचा. उन्हाळ्यात, म्हणजे साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, अँकरेजहून सकाळी गाडी सुटते आणि सव्वाचार तासांत सेवर्डला आणते. रस्ता जिथे जात नाही अशा दरीतून, हिमनद्यांच्या समोरून ही गाडी जाते.

तंबू, स्लीपिंग बॅग असं सगळं सामान बरोबर असेल तर गाडी सोयीची. कारण हिमनदी गावापासून लांब आहे.

समुद्राकाठी हिमनदी आलीच कशी?

आपल्याकडे हिमनदी म्हटलं की गंगोत्री आठवते. गोमुख समुद्रसपाटीपासून जवळपास चार हजार मीटर उंचीवर आहे. तिथवर जायचं तर श्वास लागतो. सेवर्डच्या परिसरात मात्र काही हिमनद्या थेट समुद्राच्या पाण्यात उतरतात. हे कसं?

उत्तर दोन गोष्टींत आहे. पहिली, हे गाव ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे हवा थंड. पण नुसती थंडी पुरत नाही. सैबेरियात याहून कितीतरी जास्त थंडी असते, तरी तिथल्या मोठ्या भागात हिमनद्या नाहीत. हिमनदीला थंडीइतकीच गरज असते ती भरपूर बर्फवृष्टीची. अलास्काच्या आखातावरून ओलसर वारे येतात, किनाऱ्यावरच्या डोंगरांना धडकतात, वर चढतात आणि सगळं बाष्प तिथेच टाकतात. कोकणातून आलेला पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर कसा कोसळतो, तसंच. फक्त तिथे पडतो तो हिम.

सेवर्डच्या मागच्या डोंगरांवर हार्डिंग आईसफिल्ड नावाचं बर्फाचं एक अवाढव्य पठार आहे. वॉरेन हार्डिंग या अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचं नाव त्याला दिलंय. या पठाराचा विस्तार सुमारे १,८०० चौरस किलोमीटर. तिथे वर्षाला १० मीटरहून जास्त हिम पडतो. उन्हाळ्यात तो सगळा वितळत नाही. उरलेल्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो, त्यावर आणखी पुढच्या वर्षीचा. वरच्या ओझ्यानं खालचा भुसभुशीत हिम दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि काही वर्षांत त्याचं घट्ट बर्फ होतं. हे बर्फ इतकं दाट असतं की त्यातून जाणाऱ्या प्रकाशातला लाल भाग ते शोषून घेतं आणि निळा बाहेर येतो. फोटोतला तो निळा रंग फिल्टरचा नाही, खरा आहे.

पठारावर बर्फ जास्त झालं की ते स्वतःच्या वजनानं उताराकडे सरकू लागतं. हीच हिमनदी. हार्डिंग आईसफिल्डमधून अशा जवळपास ४० हिमनद्या चारी बाजूंनी निघतात. त्या सरकताना डोंगर खरवडत जातात. त्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांमध्ये पुढे समुद्र शिरला की त्याला म्हणतात फियोर्ड. रेझरेक्शन बे ही अशीच बर्फानं कोरलेली खाडी आहे. हा सगळा प्रदेश १९८० मध्ये केनाई फियोर्ड्स राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव झाला.

या ४० पैकी फक्त एका हिमनदीपर्यंत गाडीरस्ता जातो. ती म्हणजे एक्झिट ग्लेशियर.

एक्झिट ग्लेशियर आणि त्या सालांच्या पाट्या

नाव ऐकून वाटतं, ही निघून चाललीय म्हणून एक्झिट. तसं नाही. १९६८ मध्ये काही गिर्यारोहकांनी हार्डिंग आईसफिल्ड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला पार केलं. नोंद असलेली अशी ती पहिली मोहीम. पठारावरून खाली उतरण्यासाठी त्यांनी हीच हिमनदी वापरली, म्हणून ती एक्झिट. पण आज हे नाव वेगळ्याच अर्थानं खरं ठरतंय.

गावापासून थोडं उत्तरेला हायवेवरून एक फाटा फुटतो. तिथून सुमारे १४ किलोमीटर गेलं की उद्यानाचं माहिती केंद्र येतं. सालांच्या पाट्या याच वाटेवर आहेत. ज्या केंद्रात तुम्ही नकाशा घ्यायला शिरता, तो भाग साधारण शंभर वर्षांपूर्वी बर्फाखाली होता.

आता प्रश्न पडतो, १८१५ मध्ये तर इथे मोजायला कुणीच नव्हतं. मग हे साल कुठून आलं? हिमनदी पुढे सरकते तेव्हा दगडमातीचा ढीग पुढे ढकलत नेते. मागे हटली की तो ढीग बांधासारखा तिथेच राहतो. याला भूगोलाच्या पुस्तकात हिमोढ म्हणतात. बर्फ गेल्यावर या बांधावर झाडं उगवतात. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजली की त्याचं वय कळतं, आणि त्यावरून ती जागा कधी मोकळी झाली हे काढता येतं. पुढच्या काळासाठी जुने फोटो आणि मोजणी आहेच.

हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनीही तपासता येतं. जुन्या सालाच्या पाटीपाशी उंच झाडांचं दाट जंगल आहे. पुढे जाल तसं झाड लहान होत जातं, मग झुडपं, मग शेवाळ आणि रानफुलं. शेवटी नुसते घासलेले, गुळगुळीत खडक. उघड्या खडकावर जंगल कसं तयार होतं, याचे सगळे टप्पे तासाभराच्या चालीत बघायला मिळतात.

आकडे सांगायचे तर १८१५ पासून ही हिमनदी दोन किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. सुरुवातीची काही दशकं ती हळूहळू हटत होती. अलीकडे वेग वाढला. २०१३-१४ या एका वर्षात ती सुमारे ५७ मीटर मागे गेली. राष्ट्राध्यक्ष असताना बराक ओबामा १ सप्टेंबर २०१५ ला इथे आले होते आणि याच पाट्यांमधून चालत गेले होते. हवामानबदल म्हणजे काय हे जगाला दाखवायला त्यांनी निवडलेली जागा ही होती.

पूर्वी इथल्या पायवाटेनं जाऊन लोक बर्फाला हात लावायचे. आता २०१० च्या पाटीपाशी उभं राहिलं तरी बर्फ लांब दिसतं. जुनी माहिती वाचून हात लावायच्या आशेनं जाणाऱ्यांची निराशा होते. दोर किंवा इशारा ओलांडून पुढे जायचा मोह इथेच होतो आणि तो टाळायचा असतो, कारण हिमनदीच्या तोंडाशी बर्फाचे मोठाले तुकडे न सांगता कोसळतात.

पायांत दम असेल तर दुसरी वाट आहे, हार्डिंग आईसफिल्ड ट्रेल. जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटर, चढ हजार मीटरहून जास्त, वेळ सहा ते आठ तास. वरच्या भागात जुलैच्या सुरुवातीपर्यंत हिम साचलेला असू शकतो. पण वर पोचलात की समोर क्षितिजापर्यंत बर्फ आणि त्यातून डोकं वर काढलेली डोंगरांची टोकं. पूर्ण जायचं नसेल तर निम्म्यातून परतलं तरी हिमनदी वरून दिसते.

तंबू ठोकायचा कुठे? पर्याय पहिला : हिमनदीजवळ

माहिती केंद्राच्या थोडं अलीकडे उद्यानाचं एक छोटं कॅम्पग्राऊंड आहे. फक्त १२ जागा, फक्त तंबूंसाठी, आणि पैसे लागत नाहीत. बुकिंग नाही, जो आधी येईल त्याची जागा. जुलैमध्ये संध्याकाळी पोचून जागा मिळेल अशी आशा धरू नका, सकाळीच जा.

गाडी बाहेर लावून सामान हातात घेऊन जावं लागतं. आणि इथला सगळ्यात महत्त्वाचा नियम जेवणाचा आहे. तंबूत खायचं काही ठेवायचं नाही, तंबूजवळ स्वयंपाकही करायचा नाही. स्वयंपाकासाठी वेगळी शेड आहे, अन्न ठेवायला बंद जागा आहे. कारण हा अस्वलांचा प्रदेश आहे, काळ्याही आणि तपकिरीही. अन्न म्हणजे फक्त डबा नव्हे. टूथपेस्ट, साबण, चॉकलेटचा रिकामा कागद, लोणच्याची बाटली, ज्याला म्हणून वास आहे ते सगळं यात आलं. घरून नेलेला चिवडा आणि चटण्यांचा पुडा उशाशी ठेवून झोपायची सवय असेल तर ती इथे मोडावी लागते.

हा नियम माणसासाठी आहे तितकाच अस्वलासाठीही आहे. माणसाचं खाणं एकदा चाखलेलं अस्वल पुन्हा पुन्हा वस्तीत येतं आणि शेवटी त्याला मारावं लागतं.

अस्वलासाठी मिळणारा तिखट स्प्रे विमानातून नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही. तो अँकरेज किंवा सेवर्डमध्ये विकत घ्यायचा. वाटेनं चालताना बोलत राहायचं, टाळ्या वाजवायच्या, म्हणजे अस्वल दचकत नाही. अस्वल दिसलं तर पळायचं नाही. मूस नावाचं थोराड हरीण दिसेल, ते गरीब वाटतं पण पिल्लू बरोबर असेल तर अंगावर येतं. त्याच्यापासूनही लांब राहायचं.

पर्याय दुसरा : गावात, समुद्राकाठी

दुसरी जागा गावाची स्वतःची, खाडीच्या अगदी काठावर. तंबूची चेन उघडली की समोर पाणी, पलीकडे हिमाच्छादित डोंगर. नशीब असेल तर बसल्या जागेवरून पाठीवर पोहणारी पाणमांजरं दिसतात. बाजार, कॉफी, बंदर सगळं चालत जाण्याच्या अंतरावर.

एखाद्याच्या मनात येईल, गावाची सगळ्यात मोक्याची, समुद्राला लागून असलेली एवढी लांब जमीन मोकळी कशी राहिली? इथे हॉटेलं का उभी राहिली नाहीत?

त्याचं उत्तर २७ मार्च १९६४ या तारखेत आहे.

तो गुड फ्रायडेचा दिवस होता. संध्याकाळी ५ वाजून ३६ मिनिटांनी अलास्कात भूकंप झाला. तीव्रता ९.२. उपकरणांनी नोंदलेल्या भूकंपांमध्ये हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा, याहून मोठा फक्त १९६० चा चिलीचा. जमीन चार मिनिटांहून जास्त वेळ हलत होती.

तेव्हा सेवर्डच्या याच काठावर धक्के होते, रेल्वेचं यार्ड होतं, तेलाच्या टाक्या होत्या. गावाची सगळी कमाई या पट्टीवर चालायची. पण ही जमीन होती कशाची? डोंगरातून येणाऱ्या ओढ्यानं हजारो वर्षं आणून टाकलेली वाळू आणि खडी. आणि तिच्या पुढे लगेच बर्फानं कोरलेला खोल समुद्र. म्हणजे तीव्र उतारावर रचलेला सैल ढीग. भूकंपानं तो हलला आणि किनाऱ्याची सुमारे १,२०० मीटर लांबीची पट्टी, धक्क्यांसकट, खाडीत घसरली. त्या घसरण्यानंच पहिल्या लाटा उठल्या. टाक्या फुटल्या, तेल पेटलं. अर्ध्या तासाच्या आत समुद्राकडून खरी त्सुनामी आली, ती पेटतं तेल घेऊन. सेवर्डमध्ये डझनभर माणसं गेली. एवढ्या मोठ्या संकटात आकडा लहान वाटेल, पण गाव तरी केवढं होतं! जे वाचले त्यांची रोजीरोटी एका संध्याकाळीत गेली.

पुढे रेल्वेचा धक्का आणि छोट्या बोटींचं बंदर खाडीच्या वरच्या टोकाकडे हलवण्यात आलं. घसरलेल्या काठावर पुन्हा जड बांधकाम करायचं नाही असं ठरलं, आणि ती पट्टी मोकळी राहिली. आजचं समुद्राकाठचं उद्यान आणि कॅम्पग्राऊंड तिथेच आहे. तंबू गुंडाळून दहा मिनिटांत निघता येतं, हॉटेल उचलून नेता येत नाही.

म्हणून इथे तंबू ठोकला की पहिलं काम एकच. त्सुनामीच्या वेळी कुठल्या रस्त्यानं उंचावर जायचं याची दिशा दाखवणारे फलक गावात आहेत, ते बघून ठेवा. जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट बघायची नाही, सामान टाकून उंचावर निघायचं. किनाऱ्यालगतची जमीनच समुद्रात घसरते तेव्हा पहिली लाट भोंग्याच्या आधी येते.

यात हिमनदीचाही एक धागा आहे. दरीच्या दोन्ही बाजूंच्या उतारांना बर्फाचा टेकू असतो. हिमनदी मागे हटली की टेकू जातो आणि डोंगराची बाजू सैल होऊ शकते. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी याच किनारपट्टीवरच्या बॅरी आर्म नावाच्या फियोर्डबद्दल असाच इशारा दिला. तिथली हिमनदी मागे गेल्यावर वरचा उतार हळूहळू घसरू लागलाय, आणि तो एकदम खाली आला तर मोठी लाट उठू शकते. त्या भागावर तेव्हापासून लक्ष ठेवलं जातंय.

बोटीतून बघायची हिमनदी

सेवर्डला जाऊन बोटीत न बसता परत येऊ नये. पण तिकीट काढताना एक गोष्ट नीट बघा. तीन-चार तासांची छोटी सफर रेझरेक्शन बेच्या आतच फिरवते. तीत प्राणी, पक्षी, डोंगर दिसतात, पण समुद्रात उतरणारी हिमनदी जवळून दिसत नाही. ती बघायची तर एआलिक बेपर्यंत जाणारी सहा तासांच्या आसपासची सफर घ्यावी लागते. त्याहून लांबची, आठेक तासांची सफर नॉर्थवेस्टर्न फियोर्डला जाते.

खाडीतून बाहेर पडलं की अलास्काच्या आखाताचा उघडा समुद्र लागतो आणि बोट चांगलीच हलते. मळमळीचा त्रास असेल तर गोळी बोट सुटण्याआधी घ्यायची, सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. वाटेत चिसवेल बेटांवर समुद्रसिंह खडकांवर पसरलेले असतात आणि रंगीत चोचीचे पफिन पक्षी कड्यांवर घरटी करतात. हंपबॅक देवमासा आणि ऑर्का दिसण्याची शक्यता चांगली असते, हमी कुणी देत नाही.

एआलिक हिमनदीसमोर बोट सुरक्षित अंतर ठेवून थांबते आणि इंजिन बंद होतं. मग आधी ऐकू येते ती बारीक तडतड, तेलात मोहरी टाकल्यासारखी. बर्फात कितीतरी वर्षांपूर्वी अडकलेली हवा पाण्यात तरंगणाऱ्या तुकड्यांतून फुटून बाहेर येत असते. मध्येच बर्फाच्या भिंतीचा एखादा भाग निखळून पाण्यात पडतो. बोट चारशे मीटरवर असेल तर पडताना आधी दिसतो आणि गडगडाट सेकंदभरानं पोचतो. तरंगत्या तुकड्यांवर सील आपली पिल्लं घेऊन पहुडलेले असतात. ऑर्कापासून वाचायला त्यांच्यासाठी ती सुरक्षित जागा. म्हणजे बर्फ घटलं तर त्यांचा पाळणाही घटणार.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. समुद्रात तुकडा पडताना दिसला म्हणजे हिमनदी संपत चाललीय असं नाही. निरोगी हिमनदीचेही तुकडे पडतात. प्रश्न असतो मागून येणाऱ्या बर्फाचा आणि पुढून जाणाऱ्या बर्फाचा हिशोब जुळतो का, हा. बँकेत रोज पैसे काढले जातायत एवढ्यावरून खातं रिकामं होतंय की नाही ते कळत नाही, जमा किती होतंय तेही बघावं लागतं.

असा हिशोब केनाई फियोर्ड्समध्ये मांडला गेलाय. १९८४ ते २०२१ या काळातल्या उपग्रह छायाचित्रांवरून इथल्या १९ हिमनद्या तपासल्या. त्यातल्या १३ ठळकपणे मागे हटल्या होत्या, ४ साधारण स्थिर होत्या आणि २ पुढे सरकल्या होत्या. कुणी पुढे सरकलेल्या दोन हिमनद्यांचा फोटो टाकून हवामानबदल झूट आहे म्हणेल, तर त्याला उरलेल्या तेरांची आठवण करून द्या. समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीचं वागणं हवेबरोबरच तिच्यापुढच्या पाण्याच्या खोलीवर आणि तळाच्या आकारावरही ठरतं. म्हणून एकीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, सगळ्यांचा कल बघायचा असतो.

गावात आणखी काय बघाल?

अलास्का सीलाईफ सेंटर चुकवू नका. २४ मार्च १९८९ ला एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढलं आणि सुमारे चार कोटी लीटर कच्चं तेल समुद्रात सांडलं. त्या प्रकरणात वसूल झालेल्या भरपाईतला काही पैसा वापरून हे केंद्र १९९८ मध्ये सुरू झालं. इथे मत्स्यालय आहे, संशोधन आहे आणि जखमी किंवा अनाथ समुद्री प्राण्यांवर उपचारही होतात. पावसाचा दिवस इथे सहज निघतो.

गावाच्या पाठीशी उभ्या असलेल्या डोंगराचं नाव माउंट मॅरेथॉन. दर वर्षी ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गावातून निघून या डोंगरावर ९२१ मीटर चढायचं आणि घसरत, पडत परत यायचं अशी शर्यत होते. पहिली अधिकृत शर्यत १९१५ ची. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. शर्यत बघायची असेल तर जागेची सोय खूप आधी करा, नाहीतर ती तारीख टाळा.

समुद्राकाठी इडिटारॉड ट्रेलचा शून्य मैलाचा खूण-फलक आहे. पूर्वी सेवर्डहून थेट नोमपर्यंत कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी टपाल आणि सामान याच वाटेनं जायचं.

जायचं तर तयारी काय?

जून ते ऑगस्ट हा काळ बरा. जूनमध्ये उजेड अठरा-एकोणीस तास असतो, रात्री दहाला तंबू ठोकला तरी टॉर्च लागत नाही. झोपायला डोळ्यांवरची पट्टी मात्र लागते. ऑगस्टच्या शेवटाकडे पाऊस वाढतो. त्या दिवसांत वितळलेलं पाणी आणि पाऊस मिळून एक्झिट ग्लेशियरचा रस्ता पाण्याखालीही जातो, तेव्हा निघण्याआधी उद्यानाची सूचना बघा. हिवाळ्यात हा रस्ता गाड्यांसाठी बंद असतो.

उन्हाळा म्हटलं तरी दिवसा १५-१७ अंश आणि रात्री दहाच्या खाली. हिमनदीकडून येणारा वारा त्याहून गार. सुती कपडे ओले झाले की वाळत नाहीत आणि अंग गारठवतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक कपड्यांचे थर, वर चांगला रेनकोट, पाणी न शिरणारे बूट आणि तंबूवर पूर्ण झाकेल असं पावसाचं आवरण, एवढं हवंच. डासांसाठी मलम विसरू नका.

तीन रात्री हाताशी असतील तर पहिला दिवस प्रवास आणि गाव, दुसरा बोटीचा, तिसरा एक्झिट ग्लेशियरचा. हवा बिघडून बोट रद्द होऊ शकते, म्हणून बोट पहिल्या शक्य दिवशी ठेवा. शेवटच्या दिवशी ठेवली आणि रद्द झाली तर पुन्हा संधी नाही.

पण वितळणारी हिमनदी बघायला विमानानं जायचं का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. हिमनद्या जाण्याआधी बघून घेऊ म्हणून जगभरातून लोक अशा ठिकाणी जातात, आणि त्या प्रवासातूनच निघणारा धूर हवा तापवण्यात भर घालतो. एका माणसाच्या न जाण्यानं एक्झिट ग्लेशियर थांबणार नाही हे खरं. पण कोट्यवधी माणसांच्या जाण्या-येण्याचा आणि जाळण्याचा जमाखर्चच त्या पाट्यांवर सालांच्या रूपात लिहिला जातोय, हेही खरं.

सेवर्डच्या लोकांचं पोट पर्यटनावर आणि मासेमारीवर चालतं, त्यांना पाहुणे हवे आहेत. जाणाऱ्याच्या हातात काही गोष्टी असतात. एकदाच जा, पण घाईत नको, जास्त दिवस राहा. शक्य तिथे रेल्वे घ्या. गावातच खरेदी करा. प्राण्यांना आणि बर्फाला त्यांचं अंतर द्या. आणि फोटो टाकताना नुसतं निळं बर्फ टाकू नका, सालाची पाटीही फ्रेममध्ये घ्या. खाली लिहा की तुमचा जन्म झाला त्या वर्षी हिमनदी कुठे होती. १९६१ आणि २००५ च्या पाट्यांमध्ये आपल्यापैकी बहुतेकांचं जन्मसाल बसतंच. तिथे उभं राहून पुढे बघितलं की आपल्या आयुष्यात बर्फ किती मागे गेलं ते मोजायला पट्टी लागत नाही.